पाटी आणि पारा

दार ओढू नका, निखळेल. एकाच बिजागरीवर लटकतंय ते. आणि आवाज कुठून येतोय म्हणून असे इकडेतिकडे बघू नका, मीच बोलतोय. मी इन्क्युबेटर. इस्पितळाच्या मागच्या आवारात मोडक्या खाटा आणि एका चाकाचं स्ट्रेचर यांच्या मधोमध जो पत्र्याचा चौकोनी ठोकळा उभा आहे ना, तोच. दमलोय हो. एकोणतीस वर्षं नुसतं उभं राहून कोणीही दमेल. पण दोन शब्द बोलायचे राहून गेले होते, आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत चढल्यावर बोलून काय उपयोग?

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या दोन भिंती, मधे काचेचा कापूस भरलेला, आत तीन जाळीचे कप्पे, बाहेर एक नॉब आणि डोक्यात खुपसलेला थर्मामीटर. बाहेरच्या दाराच्या आत एक काचेचं दार, म्हणजे ऊब न दवडता आत डोकावता यावं. माझं काम एका ओळीत सांगता येईल: सांगाल तेवढी ऊब धरून ठेवायची, एका अंशानेही इकडेतिकडे होऊ द्यायची नाही. बस्स. हुशारी माझ्याकडे नव्हतीच कधी. इमान होतं.

मला इस्पितळात उतरवलं तेव्हा हमालाने घाम पुसत विचारलं होतं, "यात अंडी किती बसतात हो?" सगळे हसले. मला मात्र ते मनाला लागलं. कारण माझ्या पोटात अंडी कधी आलीच नाहीत. आल्या त्या काचेच्या चपट्या ताटल्या, ज्यांना इथे सगळे प्लेट म्हणतात. प्लेटमध्ये जेलीसारखा थर, आणि त्यावर कोणाचा खाकरा, कोणाची लघवी, कोणाच्या जखमेतला पू. लोक पिल्लं उबवतात, मी जंतू उबवले. जंतू वाढले की ते कोणते हे कळतं, आणि ते कळलं की डॉक्टरांना औषध कळतं. म्हणजे काम पुण्याचंच, पण चारचौघांत सांगावं असं नाही.

प्रयोगशाळा मागच्या इमारतीत, तळमजल्यावर. तिथल्या मुख्य म्हणजे मॅडम. जंतूंच्या डॉक्टरीण म्हणा. आल्या तेव्हा वेणी काळीभोर होती, मी निघालो तेव्हा पांढरी झाली होती. माणूस शिस्तीचा, पण जीव अडकलेला पक्ष्यांत. जंगली पक्ष्यांच्या पोटातले जंतू माणसांत येतात का, आणि माणसाचे पक्ष्यांत जातात का, हा त्यांचा अभ्यास. पहाटे झाडाखाली प्लास्टिक अंथरायचं, वरून पडेल ते काडीने उचलून बाटलीत भरायचं. त्यासाठी भर उन्हाळ्यात छत्री घेऊन जायच्या. रखवालदार म्हणायचा, "मॅडमचं सगळंच उलटं. लोक अंगावर पाऊस पडू नये म्हणून छत्री नेतात, या शिट पडावी म्हणून जातात नि छत्री उघडतात."

दुसरं माणूस मावशी. काचसामान धुणं, वापरलेल्या प्लेट वाफेवर उकळून मारणं, फरशी पुसणं, सगळं त्यांच्याकडे. आणखी एक काम होतं, ते मी विसरणार नाही. सकाळ-संध्याकाळ माझ्या डोक्यातला थर्मामीटर बघून पारा वहीत लिहायचा. चौथीपर्यंत शिकलेल्या. आकडे पोरासारखे मोठे मोठे काढायच्या, पण दिसेल तेच लिहायच्या. बाकी ठिकाणी अशा वह्या महिनाअखेरीस एका बैठकीत भरल्या जातात, हे मला माहीत आहे. मावशींनी एकही आकडा मनाचा लिहिला नाही.

आधी आम्ही दोघे होतो. मी माणसांचा, आणि शेजारी एक धाकटा, पक्ष्यांचा. माणसाचं अंग सदतीस अंशांचं, पक्ष्याचं बेचाळीसच्या आसपास. मॅडम ज्या जंतूच्या मागे होत्या त्याला पक्ष्याच्या पोटाची सवय. तो माणसाच्या पोटात शिरला तरी प्लेटवर वाढवायला बेचाळीसच लागायचे. जित्याची खोड! त्याचं खरं नाव लांबलचक, कॅम्पिलोबॅक्टर. एकदा मॅडमनी मावशींना सूक्ष्मदर्शकातून तो दाखवला. मावशी म्हणाल्या, "अगबाई, हा तर वाकडा!" तेव्हापासून त्याचं नाव वाकडा पडलं, मॅडमसुद्धा तसंच म्हणायच्या.

मग धाकटा जळाला. नवा मागवायचा अर्ज गेला, स्मरणपत्र गेलं, त्याचंही स्मरणपत्र गेलं. दोन इन्क्युबेटरांचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. सोमवार ते बुधवार सदतीस, इस्पितळाच्या रोजच्या नमुन्यांसाठी. गुरुवार ते शनिवार बेचाळीस, वाकड्यासाठी. दर आठवड्याला चढायचं आणि उतरायचं. म्हातारपणी जिने चढउतार करायला लावले की गुडघ्यांचं जे होतं ते माझ्या तारांचं व्हायला लागलं.

गोंधळ होऊ नये म्हणून मॅडमनी माझ्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची एक पाटी दोऱ्याने अडकवली. चित्रं त्यांच्या लेकीने काढलेली, ती सहा वर्षांची असताना. एका बाजूला केस उभे राहिलेला माणूस आणि ३७. दुसऱ्या बाजूला पक्षी आणि ४२. पक्ष्याला चार पाय होते, पण पोरीचं कौतुक म्हणून ते तसेच राहिले. नियम एकच: जो पाटी उलटेल त्यानेच नॉब फिरवायचा. पाटी बघून बाकीच्यांनी कामाला लागायचं. सतरा वर्षं ही पद्धत बिनचूक चालली.

तसं माणसांचं मी बरंच काही बघितलंय. शिकाऊ डॉक्टर दार उघडून आत बघत फोनवर बोलत उभे राहायचे, माझी ऊब चालली तरी त्यांना फिकीर नाही. एकाने थंडीत मोजे वाळत घातले होते. एका महाभागाने जेवणाचा डबा गरम राहावा म्हणून खालच्या कप्प्यात ठेवला, शेजारी कोणाच्या तरी हगवणीच्या प्लेट! मॅडमनी तो डबा मालकासकट बाहेर काढला. पण खोड अशी की कागदावर लिहिलेलं वाचलं म्हणजे काम झालं असं माणसाला वाटतं. दारावर 'दार लावा' लिहिलं होतं. ते वाचत वाचत लोक दार उघडं टाकायचे.

आता मुद्द्याचं सांगतो. एवढ्याचसाठी तर तुम्हाला थांबवलं.

तीन वर्षांमागे तळ्याकाठच्या वस्तीत हगवणीची साथ आली. रक्त पडायचं, ताप चढायचा, बहुतेक पोरं. मॅडमनी त्यांचे नमुने बेचाळीसवर लावले आणि वाकडा निघाला. त्यात आणखी भर म्हणजे त्याच्यावर नेहमी देतात ते औषध चालत नव्हतं. मावशी त्याच वस्तीत राहायच्या. त्यांची पाच वर्षांची नात, सगळे तिला ठकी म्हणायचे, तीही आजारी पडली. आठ दिवसांत पोरीचे गाल आत गेले.

वाकडा पक्ष्यांत असतो हे कसं कोण जाणे बाहेर फुटलं. तळ्याच्या काठावर पाच जुनी झाडं होती, त्यांवर शेकड्यांनी बगळे. खालची जमीन पांढरी. झालं, बगळेच गुन्हेगार ठरले. पालिकेचे साहेब म्हणाले, झाडं पाडतो, प्रश्न मिटला. मॅडम म्हणाल्या, आधी तपासू द्या. साहेबांनी नाखुशीनेच चार दिवस दिले.

तेव्हा प्रथमच मॅडम आणि मावशी यांच्यात वाजलं. माझ्यासमोरच.

"मावशी, विणीचा हंगाम आहे. घरट्यांत पिल्लं आहेत."

"माझ्या घरात पण पिल्लू आहे, मॅडम."

"मी कुठे नाही म्हणते? पण बगळ्यांचा दोष आहे की नाही ते तरी कळू दे."

"कळेपर्यंत पोरगी राहिली पाहिजे ना! माणसापेक्षा बगळे मोठे झाले का तुम्हाला?"

मावशींनी धुतलेल्या बाटल्या एवढ्या जोरात मांडल्या की दोन फुटल्या.

बुधवारी आणि गुरुवारी पहाटे मॅडमनी झाडांखालून चाळीस नमुने गोळा केले. गुरुवारी दुपारपर्यंत प्लेट तयार झाल्या. वाकड्याला हवा कमी लागते, म्हणून प्लेट मोठ्या बरणीत रचायच्या, आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती आतली हवा खाऊन आपसूक विझते, मग बरणी माझ्या पोटात. अशा चार बरण्या टेबलावर मांडलेल्या. मॅडम माझ्यापाशी आल्या. माणूस उलटा केला, पक्षी समोर आणला. हात नॉबवर ठेवला.

आणि फोन वाजला.

साहेबच होते. "शनिवारी दुपारी अहवाल टेबलावर हवा. नाही तर सोमवारी करवती लावतो." मॅडम बोलत बोलत खिडकीपाशी गेल्या, चिडल्या, विनवण्या केल्या, फोन ठेवला. पाच मिनिटं डोकं धरून बसल्या. मग उठून माझ्याकडे आल्या, पाटीवर पक्षी बघितला आणि चारही बरण्या आत ठेवून दार लावलं.

नॉब सदतीसवरच होता.

माझ्या तारांना ओरडता येत असतं तर मी इमारत डोक्यावर घेतली असती. अहो मॅडम, पारा बघा, पारा! पण मला सांगितलेली ऊब धरता येते, न सांगितलेली नाही. मी सदतीस धरून बसलो. संध्याकाळी मावशी आल्या, थर्मामीटर बघितला, समोरची पाटी बघितली. क्षणभर थांबल्या. मग वहीत लिहिलं, ३७. शुक्रवारी सकाळी ३७. संध्याकाळी ३७. शनिवारी सकाळी ३७. दिसेल तेच लिहायच्या म्हणालो ना.

सदतीसला काय होतं सांगतो. बेचाळीसच्या आचेत बाकीचे जंतू दबतात आणि वाकड्याला मोकळं रान मिळतं. सदतीसला त्या बाकीच्यांचंच रान माजतं, आणि त्यात वाकडा असला तरी दिसत नाही. शनिवारी मॅडमनी चाळीस प्लेट बघितल्या. एरवी त्यांनी नाक मुरडलं असतं, एवढी घाण का वाढली म्हणून पुन्हा लावल्या असत्या. पण तीन रात्रींचं जागरण, दारात साहेबांचा माणूस, आणि मनात बगळ्यांची पिल्लं. मनी वसे ते प्लेटमध्ये दिसे. त्यांनी लिहिलं: चाळीस नमुने, जंतू आढळला नाही.

झाडं वाचली. मॅडमनी त्या दिवशी मला पाठीवर थोपटल्यासारखं केलं.

मॅडमनी ठकीला दुसरं औषध शोधून दिलं, त्याने ती उठून बसली. तरी मावशी गप्पच. काम चोख, शब्द एक नाही.

महिनाअखेरीला पाऱ्याच्या वहीवर मॅडमना सही करायची असायची. त्या एकेक ओळ वाचून सही करायच्या, ही त्यांची शिस्त. त्या दिवशी बोट एका ओळीवर थांबलं. गुरुवार, ३७. बोट खाली सरकलं. पुन्हा वर गेलं. मॅडमनी वही मावशींपुढे धरली.

"मावशी, हे तुमचंच अक्षर?"

"माझंच."

"पाटी पक्ष्याची होती?"

"होती."

"मग सदतीस दिसलं तर बोलला का नाहीत?"

मावशी फडकं पिळत राहिल्या. "मला वाटलं तुम्हीच ठेवलं असेल काही कारणाने. तुम्हाला मी काय शिकवणार? आणि खरं सांगू का, तेव्हा मला तुमच्याशी बोलायचंच नव्हतं."

मी बघत होतो. वही एवढीशी. ते एक पान फाडलं असतं, नाही तर सदतीसचे बेचाळीस केले असते, तर जगात कोणाला कळलं नसतं. झाडं उभी राहिली असती, मॅडमचं नाव राहिलं असतं. मॅडमच्या मनात ते आलं असणार, माणूसच आहे. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली आणि त्या पानाखाली लाल शाईने लिहिलं: चूक माझी, नमुने पुन्हा लावणे. आणि सही केली.

त्या आठवड्यात चाळीस नवे नमुने आले. या खेपेला मॅडमनी नॉब फिरवला आणि मावशींना पारा मोठ्याने वाचायला लावला. "बेचाळीस!" मावशी ओरडल्या. दोन दिवसांनी बरण्या उघडल्या. चाळीसपैकी अकरा प्लेटवर वाकडा होता.

मॅडमचा चेहरा उतरला. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. वाकड्याच्या प्लेटवर त्यांनी औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवल्या. औषध चाललं तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. नेहमीच्या औषधाच्या टिकलीभोवती रिंगण पडलंच नाही, जंतू अगदी कडेला येऊन भिडले. वस्तीतल्या पोरांच्या प्लेटवर होतं तसंच.

"मावशी, इकडे या. मला एक सांगा, बगळा कधी डॉक्टरकडे जातो?"

"काहीतरीच काय!"

"मग या औषधाला पुरून उरायला याचा वाकडा शिकला कुठे? जिथे हे औषध रोज सांडतं तिथेच ना? बगळ्यांनी पोरांना दिलं हे मला पटत नाही. दोघांनी एकाच ठिकाणचं पाणी तोंडाला लावलंय."

दुसऱ्या दिवशी मॅडम तळ्याला वळसा घालून आल्या, चपला चिखलाने भरलेल्या. इस्पितळाचं सांडपाणी नेणारा जाड नळ तळ्याच्या काठाशी फुटलेला होता. आमच्याच इस्पितळाचा! त्या नळाच्याच चरातून वस्तीच्या पिण्याच्या पाण्याची पाइप जात होती, सांध्यांना चिंध्या गुंडाळलेली. आणि फुटक्या नळापाशी बेडकं टिपत उभे होते बगळे. काखेत कळसा नि गावाला वळसा, ती गत.

मॅडमनी दोन पानी अहवाल लिहिला. पहिल्या पानावर: माझा आधीचा निष्कर्ष चुकला, बगळ्यांत जंतू आहे. दुसऱ्या पानावर: पण तो त्यांना आणि वस्तीला बहुधा एकाच घाण पाण्यातून आला आहे, झाडं पाडून उपयोग नाही, नळ तातडीने दुरुस्त करा.

साहेबांनी पहिलं पान वाचलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला दुसरं पान उलटायला वेळ कुठला? तिसऱ्या दिवशी करवती लागल्या.

करवतीचा आवाज आमच्यापर्यंत आला नाही. मावशी सकाळी उशिरा आल्या, पदर ओला. "पडली हो झाडं. पिल्लं खाली पडली, पंख न फुटलेली. मी दहा-बारा उचलून बाजूला ठेवली. पण ठेवणार कुठे? कावळ्यांनी..." मॅडमनी त्यांचा हात धरला. दोघीही रडल्या, मोकळेपणी. मीही रडलो असतो, पण माझ्या अंगात पाणी शिरलं तर शॉर्टसर्किट होतं.

बगळे गेले. आठवड्याने वस्तीत आणखी नऊ पोरं आजारी पडली. त्यात ठकी पुन्हा.

मावशी पोरीला वॉर्डात दाखल करून थेट प्रयोगशाळेत आल्या. हातात पाण्याची बाटली, पाणी गढूळ. "मॅडम, बगळे गेले, हगवण नाही गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, आणि मीच ओरडत होते द्या म्हणून. हे फुटक्या नळापाशी आपल्या पिण्याच्या पाइपला चीर पडलीय, तिथलं पाणी. लावा आता बेचाळीसवर. नॉब मी फिरवते."

ती माझी शेवटची मोठी कामगिरी. तारा कुरकुरत होत्या, पण सांगितलेले बेचाळीस मी दोन दिवस धरले, केसभरही ढळू दिले नाहीत. बरणी उघडली. प्लेटवर वाकडाच वाकडा, आणि औषधाच्या टिकलीला भिडलेला. मॅडमनी टेबलावर डोकं टेकलं. आनंद म्हणावा तर तो नव्हता.

पुढचं मी मावशींच्या तोंडून ऐकलं. मॅडम, मावशी आणि वस्तीतल्या चौदा बाया साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब म्हणाले, "कारवाई केली की आम्ही! झाडं काढली." मावशींनी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला आणि पान उलटलं. "हे वाचा. मोठ्याने वाचा. मला थोडं वाचता येतं, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. माझी नात वॉर्डात आहे, मला घाई नाही." साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग वाचायला लागले. मावशी म्हणतात, शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज बसला होता. पाच दिवसांत नळ बदलला, पिण्याची पाइपही दुसऱ्या बाजूने नेली. ठकी घरी गेली. साथ थांबली.

आता मला वाटलं होतं, शेवट गोड झाला. पण चूक झाली म्हणजे चौकशी आलीच. नळ आमचा फुटला होता याबद्दल कोणी चौकशी केली नाही, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. चौकशी झाली पहिल्या अहवालाची. आणि समितीने काय लिहावं? 'जुन्या इन्क्युबेटरमधील बिघाडामुळे तापमान योग्य राहिले नाही.'

बिघाड! माझ्यात! चार वेळा मावशींनी पारा लिहिला, चारही वेळा सदतीस. सांगितलं ते मी धरलं. मॅडम समितीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "मशीन बरोबर होतं. नॉब फिरवायला मी विसरले. तसं लिहा." अध्यक्ष म्हणाले, "अहो मॅडम, कशाला हात दाखवून अवलक्षण? मशीनला काय, ते बोलणार थोडंच!" मॅडमनी वेगळं पत्र देऊन आपली चूक नोंदवून घेतली. त्यांना ठपक्याचा कागद मिळाला. आणि मला निर्लेखनाचा, म्हणजे काढून टाकण्याचा. सतरा वर्षं अर्ज करून जो नवा इन्क्युबेटर आला नव्हता तो या बिघाडाच्या नावाने महिन्यात आला. एक नाही, दोन आले.

मला बाहेर ढकलताना मॅडम दारापर्यंत आल्या. माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या नावावर खपवलं रे. माफ कर." गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या माफीच्या त्या एका वाक्यावर मी इथे ऊन खात उभा आहे. वायर कापून नेली, वरचा थर्मामीटर कोणीतरी पळवला, आतलं काचेचं दार फुटून गेलं, बाहेरच्या दाराची एक बिजागरी गंजून तुटली. अंगात आता ऊब म्हणून नाही. खरं सांगू? सुरुवातीला बरं वाटलं. कोणासाठी काही धरून ठेवायचं नाही.

पण आठवड्यामागे एक साळुंकी आली. आत डोकावली, नवऱ्याला बोलावून आणलं, दोघांनी मिळून मधल्या कप्प्यात काटक्या, चिंध्या आणि बँडेजची एक पट्टी आणून टाकली. परवापासून तिथे चार निळसर अंडी आहेत. एकोणतीस वर्षांनी त्या हमालाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: चार बसतात.

काल भंगारवाला आला होता. मावशी धावत आल्या, पाठोपाठ ठकी. ठकी आता आठ वर्षांची आहे, गाल भरलेत, तोंड बंद म्हणून नसतं. मावशी म्हणाल्या, "दादा, महिनाभर हात लावू नका याला. पिल्लं उडू देत." भंगारवाला डोकं खाजवत म्हणाला, "बघतो." बघतो म्हणणाऱ्याचा काय भरवसा! म्हणून तुम्हालाही सांगतोय, तो पुन्हा आला तर दोन शब्द टाका माझ्यासाठी. महिन्याने खुशाल न्या मला, वितळवा, बादल्या करा. माझी ना नाही.

भंगारवाला गेल्यावर मावशींनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. माझी पाटी. कचऱ्यातून उचलून जपून ठेवली होती म्हणे. दोरा नवा घातला आणि माझ्या मुठीला अडकवली, पक्षी वर करून.

ठकी खोखो हसली. "आजी, याला चार पाय का?"

"असू देत गं. तू आत बघ. हात नको लावूस, नुसतं बघ."

ठकीने आत डोकावलं. "ती हलतच नाही, आजी. तिचं पोट किती गरम असेल?"

"बेचाळीस," मावशी म्हणाल्या. विचार न करता, वहीत लिहावं तसं.

जाताना त्यांनी दार अलगद लोटलं, साळुंकीला जाता-येता येईल एवढी फट ठेवून. मी थंडच आहे, पण मधल्या कप्प्यात ती बसली आहे, आणि आता पाटी आणि पारा जुळलेत.